कुलरला मारलेली काळी टेप

या महिन्याच्या टपालात भाड्याच्या घराबद्दलची तीन पत्रं आहेत. एक भाडेकरूचं, एक घरमालकिणीचं आणि एक शिकायला बाहेर राहणाऱ्या मुलीचं. पहिल्या पत्राला जास्त जागा देते आहे. दर उन्हाळ्यात तालुका कोर्टाच्या आवारात असं एखादं कुटुंब मला भेटतं आणि बहुतेक वेळा उशिरा भेटतं. तोवर कुलर दुरुस्त झालेला असतो, वायर बदललेली असते आणि दाखवायला काही उरलेलं नसतं.

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका मोठ्या गावात कृषी केंद्रात कामाला आहे. चौदा महिन्यांपासून दोन खोल्या भाड्याने घेतल्या आहेत. भाडं २,२०० रुपये, ते मी दर महिन्याला घरमालकाच्या मुलाला फोनपेवर पाठवतो. करारनामा केलेला नाही. खोलीच्या खिडकीला त्यांचाच जुना लोखंडी कुलर बसवलेला आहे. एप्रिलमध्ये कुलर झटका देऊ लागला म्हणून मी सांगितलं. त्यांचा मुलगा येऊन वायरला काळी टेप मारून गेला आणि रात्री व्हॉट्सअपवर बोलून पाठवलं, ‘टेप मारली भाऊ, आता काही होत नाही.’ मे महिन्यात माझी बायको कुलरमध्ये बादलीने पाणी भरत होती. हात टपाला लागला आणि ती फेकली गेली. उजवं मनगट मोडलं, तळहात भाजला. ग्रामीण रुग्णालयातून जिल्ह्याला नेलं, प्लेट टाकावी लागली. आतापर्यंत ६४,००० रुपये खर्च झाला. ती घरी ब्लाउज शिवते, ते काम बंद आहे. घरमालक म्हणतात, ‘कुलर फुकट देल्ला व्हता, भाड्यात नवता. ओल्या हातानं हात लावला असन तिनं. अन् चिठ्ठी कुठं हाय तुमच्याजोळ?’ आम्हाला काही मिळू शकतं का?

उत्तर : मिळू शकतं, भाऊ. आधी त्यांच्या तिन्ही बोलण्यांकडे बघू, कारण हीच तीन वाक्यं उद्या त्यांचे वकील इस्त्री करून कोर्टात मांडतील.

चिठ्ठी नाही म्हणजे भाडेकरू नाही, असं होत नाही. महिन्याच्या भाड्याने घर तोंडी बोलीवरही देता येतं. तुम्ही राहता, ते भाडं घेतात आणि चौदा महिन्यांच्या फोनपेच्या नोंदी तुमच्याकडे आहेत. त्या नोंदी आजच काढून कागदावर छापून ठेवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ जिथे लागू आहे तिथे तर करार लिहून त्याची नोंदणी करणं ही घरमालकाचीच जबाबदारी आहे. ती त्याने पाळली नसेल तर भाड्याच्या अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, उलटं सिद्ध होईपर्यंत. पण हा कायदा त्याच्या परिशिष्टात नावं दिलेल्या गावा-शहरांनाच लागू होतो. तुमच्यासारखी पुष्कळ खेडी त्यात येत नाहीत. मग आधार घ्यायचा तो मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ या जुन्या कायद्याचा.

इथे मला तुम्हाला एक कडू गोष्ट सांगावी लागेल. १८८२ चा कायदा घरमालकावर सरसकट दुरुस्तीचं ओझं टाकत नाही. करारात किंवा तिथल्या रिवाजात असेल तेवढीच दुरुस्ती त्याच्याकडे. घरात काही मोडलं आणि त्याने लागलं, एवढ्यावर मालक आपोआप जबाबदार ठरेल या भरवशावर बसू नका. त्याच कायद्याचं कलम १०८ मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगतं. घराच्या वापराला बाधा आणणारा एखादा मोठा दोष मालकाला माहीत आहे, भाडेकरूला माहीत नाही आणि साधी काळजी घेऊन त्याला तो कळण्यासारखाही नाही, तर मालकाने तो सांगितला पाहिजे. भिंतीतल्या वायरिंगला अर्थिंगच नाही, ही अशी गोष्ट आहे. बोर्डाला तीन भोकं दिसतात, पण तिसऱ्या भोकामागे हिरवी वायर आहे की नुसती पोकळी, हे भाडेकरू भिंत फोडून बघत नाही. यापलीकडे निष्काळजीपणाचा सर्वसाधारण कायदा आहेच. आपल्या वस्तूने दुसऱ्याला इजा होईल हे ज्याला दिसत होतं किंवा दिसायला हवं होतं, आणि तरी ज्याने वाजवी काळजी घेतली नाही, त्याने नुकसान भरून द्यायचं.

म्हणून माझ्या दृष्टीने तुमच्या सगळ्या पत्राचा गाभा त्या काळ्या टेपमध्ये आहे. मुलगा आला, त्याने वायर बघितली, टेप मारली आणि ‘आता काही होत नाही’ असं स्वतःच्या आवाजात सांगितलं. म्हणजे कुलर झटका देतो हे एप्रिलमध्येच त्यांना माहीत झालं होतं. दुरुस्तीचं काम त्यांनी आपल्या अंगावर घेतलं आणि ते अर्धवट केलं. वर तुम्हाला निर्धास्तही केलं. कुलर भाड्यात होता की फुकट होता, हा वाद यापुढे फारसा उरत नाही. त्यांच्या खोलीला, त्यांच्या बोर्डावर, त्यांनीच बसवलेली ती वस्तू आहे. धोका ठाऊक असताना वापरायला दिलेली वस्तू फुकट होती म्हणून जबाबदारी पुसली जात नाही. तो आवाजी निरोप चुकूनही डिलीट करू नका आणि फोन विकू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते तुमचे वकील तयार करतील.

ओल्या हाताचा मुद्दा मी हलका घेत नाही. पाणी भरताना कुलर चालू होता का? पिन काढली होती का? पायात चप्पल होती का? कोर्टात हे विचारतील आणि वहिनींनी खरं तेच सांगावं. त्यांचीही थोडी चूक निघाली तर कोर्ट भरपाईतून त्या प्रमाणात काही हिस्सा कापू शकतं. पण दावा संपत नाही. झटका देतो हे कळूनही वापरत राहिलात, असंही म्हणतील. त्याला उत्तर पुन्हा तो निरोपच आहे. दुरुस्त झाला असं तुम्हाला सांगितलं होतं आणि मे महिन्यात यवतमाळच्या उन्हात टिनाखालच्या खोलीत कुलर न लावता कुणी राहत नाही.

आता काय करायचं ते. कुलर अजून तिथेच असेल तर मेन स्विच बंद करून त्याचे, वायरचे, टेपचे, बोर्डाचे जवळून फोटो घ्या. व्हिडिओत आजची तारीख बोला आणि सोबत शेजारचे दोघे उभे करा. रुग्णालयात नोंद करताना ‘घरात पडली’ असं लिहिलं गेलं असेल तर मला काळजी वाटते. पुष्कळ घरी पोलिसांची कटकट नको म्हणून तसं सांगतात आणि मग भाजल्याची खूण असूनही कागद विरुद्ध जातो. विजेचा झटका लिहिला आहे का, एमएलसी म्हणजे पोलिसांना कळवायच्या प्रकरणाची रुग्णालयातली नोंद झाली आहे का, हे केसपेपरवर बघा. प्लेटचं बिल, औषधांची बिलं, जिल्ह्याला नेलेल्या गाडीचं भाडं, सगळं जपा. वहिनींची शिलाईची वही फार मोलाची आहे. कुणाचे किती ब्लाउज, किती पैसे आणि मे महिन्यापासून कोरी पानं. घरी बसून शिवणाऱ्या बाईची कमाई मोजायला दुसरा कागद नसतो. हात किती वळतो, मशीनवर किती वेळ काम होतं, हे हाडाच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. उपचाराच्या खर्चासोबत बुडालेली आणि पुढे बुडणारी कमाई आणि सोसलेल्या वेदना, हे सगळं मागता येतं.

विजेने झालेल्या अपघाताची चौकशी विद्युत निरीक्षक करतात. त्यांच्याकडे लेखी अर्ज द्या. झटका टपात कुठून उतरला हे सांगणारा त्यांचा कागद तुमच्या-माझ्या शंभर शब्दांपेक्षा जड असतो. पोलिसांत जाण्याचा रस्ताही आहे. हाड मोडलं म्हणजे कायद्याच्या भाषेत गंभीर दुखापत, आणि बेदरकारपणे किंवा निष्काळजीपणे तशी दुखापत केली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पण त्या खटल्याने तुमचे ६४,००० रुपये परत येतीलच असं नाही. एकाच गावात, एकाच अंगणात राहायचं आहे, तर मी तुमच्या जागी असते तर आधी तालुका विधी सेवा समितीकडे गेले असते. ही समिती तालुक्याच्या कोर्टातच असते. अर्ज वहिनींच्या नावाने करा. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. दावा न लावताही प्रकरण लोकअदालतीत ठेवता येतं. तिथे तडजोड झाली तर तो निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो आणि त्यावर अपील नसतं, म्हणून रक्कम नीट विचार करूनच सही करा. नाहीच जमलं तर दिवाणी दावा. त्याला तीन वर्षांची मुदत धरून चाला आणि ती वाट बघण्यात घालवू नका.

आणि आज संध्याकाळी एक काम करा. दोन्ही खोल्यांचं अर्थिंग लायसनवाल्या वायरमनकडून तपासून घ्या आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवायला सांगा. झटका बसताक्षणी तो वीज तोडतो. पाणी भरताना बटण बंद करून पिनही काढायची. कुणी चिकटलं तर त्याला धरायचं नाही, आधी मेन स्विचकडे धावायचं. विदर्भात दर उन्हाळ्यात कुलरने माणसं जातात आणि एकाला सोडवायला धावलेला दुसराही जातो. वहिनी वाचल्या, याचं मला खरंच समाधान आहे.

प्रश्न : माझं वय ६७. वाशीम जिल्ह्यात आमचं जुनं घर आहे, मातीच्या भिंती आणि वर कवेलू. यजमान वारल्यानंतर मी मागच्या दोन खोल्यांत राहते आणि पुढचा भाग झेडपी शाळेतल्या मास्तरांना दिला आहे. त्यांना सहा वर्षांची मुलगी आहे. मागच्या श्रावणात रस्त्याकडच्या भिंतीला पोट आलं. माझा मुलगा पुण्याला असतो. तो म्हणतो, ‘आई, स्टँप पेपरवर लिहून घे, पडझड झाल्यास मालक जबाबदार नाही.’ तसं लिहून घेतलं तर चालेल का?

उत्तर : काकू, नका लिहून घेऊ. म्हणजे लिहून घेता येईल, मास्तर सहीही करतील, पण त्या ओळीवर विसंबून तुम्ही निवांत झोपलात तर ते चुकीचं होईल. मास्तरांच्या मुलीने त्या कागदावर सही केलेली नाही. रस्त्याने जाणाऱ्यानेही केलेली नाही. आणि भिंतीला पोट आलं आहे हे तुम्हाला दिसलं आहे, तुम्ही ते मला कळवलंही आहे. उद्या काही झालं तर ‘मला काय माहीत’ हे म्हणण्याची जागा आता उरली नाही.

जोराच्या पावसाने पडली, देवाची करणी, असं लोक म्हणतात. कोर्टात हे एकदा फार स्पष्टपणे तपासलं गेलं आहे. आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशच्या उच्च न्यायालयासमोर १९५८ साली छापून आलेलं एक प्रकरण आहे, कल्लूलाल विरुद्ध हेमचंद. रस्त्यालगतच्या इमारतीची भिंत पावसात कोसळली आणि दोन मुलं गेली. त्या दिवशी २.६६ इंच पाऊस झाला होता. मालकाने पावसाकडे बोट दाखवलं. कोर्टाने म्हटलं की पावसाळ्यात एवढा पाऊस काही अवचित नव्हे, त्याची काळजी मालकाने आधीच घ्यायला हवी होती. मालक जबाबदार ठरला. दिल्लीतल्या चांदणी चौकातला घंटाघर कोसळून माणसं मेली, त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये नगरपालिकेला जबाबदार धरलं. ती इमारत ८० वर्षांची होती आणि तशा बांधकामाचं आयुष्य ४०-४५ वर्षांचं. रस्त्यालगतच्या जुन्या बांधकामाची तपासणी करत राहणं हे मालकाचं काम आहे, दोष वरून दिसत नव्हता ही सबब चालत नाही, असा त्याचा अर्थ. तुमच्या भिंतीचा दोष तर रस्त्यावरून दिसतो आहे.

अडीच-पावणेतीन इंच पाऊस वाशीमला एका रात्रीत पडू शकतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

म्हणून कागदावरचा खर्च भिंतीवर करा. गावातला जुना गवंडी बोलवा, मातीकाम कळणारा. भिंतीच्या मुळाशी पाणी कुठून मुरतं ते त्याला दाखवा. पुष्कळदा वळचणीचं पाणी थेट पायात पडत असतं किंवा बाहेरून भिंतीला टेकवून पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, रचलेली असते आणि तिच्याखाली ओल वाळतच नाही. ती आधी काढा. पोट आलेली भिंत वरून लिंपून सरळ होत नाही, आडं-वाशांचा भार टेकूवर घेऊन तेवढा भाग उतरवून पुन्हा उभारावा लागतो. पावसाळा तोंडावर असेल आणि पैसे नसतील तर मास्तरांना सगळं स्पष्ट सांगा. त्या भिंतीजवळ मुलीची झोपायची जागा ठेवू नका. जमल्यास मागची एक खोली त्यांना द्या आणि तेवढं भाडं कमी करा. हे सगळं तारीख घालून कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. असा कागद मात्र जरूर करा. तुम्ही धोका लपवला नाही, त्यावर पावलं उचलली, हे त्यात दिसतं. मुलाला सांगा, स्टँप पेपरऐवजी गवंड्याची मजुरी पाठव.

प्रश्न : मी गडचिरोली जिल्ह्यातली, नर्सिंगच्या शिक्षणासाठी दुसऱ्या तालुक्याला खोली करून राहते. तिघी मिळून ३,००० रुपये भाडं देतो. जिन्याची वरची पायरी तुटली आहे आणि कठडाच नाही. एक मैत्रीण दोनदा घसरली. घरमालकीण बाईंना सांगितलं तर म्हणाल्या, ‘जमत नसन तर खोली खाली करा.’ त्यामुळे आता बोलायची भीती वाटते.

उत्तर : तुझी भीती मला फार जवळून ठाऊक आहे. आम्ही वर्धा जिल्ह्यातल्या एका गावात भाड्याने राहायचो. न्हाणीच्या ओल्या भिंतीत करंट उतरायचा. आई रबरी चप्पल घालून आंघोळ करायची आणि आम्हालाही घालायला लावायची. घरमालक चांगला माणूस होता, भाडं दोन-दोन महिने थांबवायचा. त्या उपकाराखाली आईने त्याला कधी सांगितलंच नाही. एका दिवाळीला मावशी आली. ती अनवाणी न्हाणीत गेली, कडेवर तिचं वर्षाचं लेकरू. झटक्याने दोघं पडली आणि लेकराच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. पुढे ते बरं झालं. पण ‘आपल्याला माहीत होतं, तिला सांगायला विसरले’ हे आई शेवटपर्यंत म्हणत राहिली. आणि घरमालकाला आम्ही सांगितलेलंच नव्हतं, म्हणून त्यालाही बोलता आलं नाही.

तक्रार केली म्हणून लगेच बाहेर काढता येत नाही. करार नसेल आणि महिन्याची भाडेपट्टी असेल तरी किमान पंधरा दिवसांची लेखी नोटीस लागते, आणि नोटीस संपल्यावरही सामान बाहेर फेकायचा अधिकार कुणाला नाही. त्यासाठी कोर्टात जावं लागतं. तरीही जबरदस्तीने काढलं तर सहा महिन्यांच्या आत दावा करून ताबा परत मागता येतो. तुझ्या तालुक्याचं गाव भाडे नियंत्रण कायद्यात येत असेल तर कलम १४ प्रमाणे घर दुरुस्त ठेवणं मालकाचं काम आहे. पंधरा दिवसांची नोटीस देऊनही वाजवी वेळेत दुरुस्ती केली नाही तर तुम्ही ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकता, पण वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. तुमचं वर्षाचं भाडं ३६,००० रुपये, म्हणजे ९,००० रुपयांपर्यंत. एक पायरी आणि लोखंडी कठडा तेवढ्यात व्हावा. गावात हा कायदा लागू आहे की नाही ते विधी सेवा समितीत विचार, किंवा १५१०० या मोफत क्रमांकावर फोन कर.

सांगायचं मात्र आजच, आणि लिहून. भांडणाचा सूर नको. आधी पायरीचा फोटो पाठव आणि त्याखाली तिघींच्या नावाने एवढंच लिही :

‘काकू, नमस्कार. जिन्याची वरची पायरी तुटली आहे आणि कठडा नाही, हे आम्ही तुम्हाला मागच्या आठवड्यात तोंडी सांगितलं होतं. आमची एक मैत्रीण तिथे दोनदा घसरली आहे. फोटो सोबत पाठवला आहे. कृपया पंधरा दिवसांत दुरुस्ती करून द्यावी. गवंडी येईल त्या दिवशी आम्ही खोलीवर थांबू.’

तोंडी सांगितलं तो दिवस नक्की आठवत असेल तर तारीखच घाल. निरोप वाचल्याच्या दोन निळ्या खुणा आल्या की स्क्रीनशॉट काढून तिघींच्याही फोनमध्ये ठेवा. आणि रात्री जिन्यात उजेड राहील असा एक बल्ब तुम्हीच लावा, पायरी दुरुस्त होईपर्यंत.